डॉक्युमेंटरी खरी की बनावट?

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से जमायला फार काही लागत नाही. एक चहा आणि एक ऑफ पीरियड पुरतो. पण हल्ली सगळे किस्से एकाच डॉक्युमेंटरीभोवती फिरतात. ऑनलाइन फसवणुकीवरची. आमचे हे गेल्याची बातमी आली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही तीच बघत होतो. साधा दिवस होता. ह्यांना डब्यात भेंडी दिली होती. डॉक्युमेंटरी अर्धवट राहिली आणि पुढे कधीतरी वाद सुरू झाला, ती खरी की बनावट?

* * *

पाटील सर बहादरपूरचे, घरची केळी. डॉक्युमेंटरीत फसवला गेलेला एक शेतकरी केळीच्या बागेत पांढराशुभ्र शर्ट घालून उभा आहे.

“बनावट!” सर म्हणाले. “केळीचा डाग एकदा लागला का जन्मात निघत नाही. पांढरा शर्ट घालून बागेत कोण जातं?”

“शूटिंगसाठी घातला असेल हो,” महाजन सर म्हणाले.

पाटील सर विचारात पडले. “हां... मी पण घातला असता!”

* * *

डॉक्युमेंटरीचा पहिलाच उपदेश, अनोळखी लिंक उघडू नका.

“पण आपल्याकडे ही आली कुठून?” प्रिन्सिपल सरांनी विचारलं.

“ग्रुपवर लिंक आली होती, सर.”

“कुणाची?”

“माहीत नाही!”

सरांनी घाबरून शाळेचे सगळे पासवर्ड बदलले. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन हजेरी कुणालाच भरता येईना. नवे पासवर्ड सरही विसरले होते!

* * *

दीपिका ही कॉम्प्युटरची नवी टीचर. ती म्हणाली, “एआय असेल तर उंगलियां गिनो ना. सहा निघतात.”

सुरुवातीचा भाग पुन्हा लावला. फसलेल्या बाईचे हात टेबलाखाली.

“बघा, लपवलेत!” पाटील सर ओरडले.

“अहो, माझेही हात आत्ता टेबलाखालीच आहेत,” प्रिन्सिपल सर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे संशयानं बघू लागले!

* * *

महाजन सर आता कुणाचाच फोन कट करत नाहीत. लॉटरी लागली म्हणणाऱ्यालाही म्हणतात, “हां भाऊ, बोला, आरामात बोला.” परवा असा एक जण शेवटी स्वतःच वैतागला. “अंकल, अब रखो ना!”

“एखादा खराच असला तर?” सर म्हणाले.

* * *

दीपिकाला मागचं काही माहीत नाही. ती एकदा सहज म्हणाली, “सर, एंडिंगला लिहिलेलं असतं ना, खरी माणसं की ॲक्टर. चला, बघून टाकू.”

महाजन सर उठले. “माझा पीरियड आहे.”

नव्हता.

* * *

तर तो दिवस. लॅपटॉपवर एक अनोळखी आवाज एका बाईला सांगत होता, तुमच्या नवऱ्याला अपघात झालाय, ताबडतोब पैसे पाठवा. तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी स्पीकरवर घेतला.

“मैडम, आपके साहब चांदनी स्टेशन पे गिर गए हैं।”

“सेम टू सेम!” महाजन सरांनी माझ्या हातातून फोन घेतला. “भैया, हमारे सबके साहब वहीं गिरते हैं!” आणि कट केला.

सगळे हसले. मीही हसले.

पुन्हा वाजला. फोन अजून सरांच्याच हातात.

“काटना मत। डिब्बे के ढक्कन पे नाम खुदा है। सौ. सुनंदा। मैडम आप ही हो ना?”

कुणीतरी लॅपटॉप बंद केला.

डॉक्युमेंटरीचा शेवट आम्ही अजून कुणीच बघितलेला नाही.