काणे, बाणाचा ण

इटलीला जाऊन मी माझी शोभा कशी करून घेतली, ते आता काय सांगू! पण सांगते. चहाचा कप तेवढा खाली ठेवा, सांडेल.

आमच्या कर्वेनगरच्या शाळेत नववीला इटालियन आहे. हो, इटालियन! कार्ट्यांना मराठीतलं ऱ्हस्व-दीर्घ धड कळत नाही, पण पालकांना हौस. तर सरावासाठी मुलांना थेट इटलीतल्या एका शाळेत न्यायचं ठरलं आणि देखरेखीला मी. विमानतळावर एक आई विचारते, "अहो मॅडम, तिकडे मेतकूट-भात मिळेल ना?"

म्हटलं, "मिळेल की. त्यासाठीच तर चाललोय."

इटालियन मीही थोडं शिकले होते. प्राण्यांचा धडा मात्र गाळला. या वयात काय शेळ्या-मेंढ्या पाठ करायच्या?

पहिल्याच दिवशी स्वागत समारंभ. तिथल्या मुख्याध्यापिकांवर आमची छाप पडली तरच त्यांची मुलं पुढच्या वर्षी पुण्याला येणार होती. म्हणून मी सगळ्यांना बजावलं, "आधी मी बोलणार. मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही!"

आमच्यातली ऋचा म्हणजे महा आगाऊ. म्हणाली, "मॅडम, तुम्ही नुसतं नाव सांगा ना. आडनाव नको."

"का गं? आपल्याकडे आडनावानंच ओळख करून देतात. गप्प बस!"

मुख्याध्यापिका आल्या. हात पुढे करून हसत म्हणाल्या, "गात्ती."

आडनाव सांगितलं! म्हणजे बाई चांगल्या वळणाच्या. मी ताठ मानेनं म्हटलं, "काणे."

बाईंचं हसू मावळलं. "काने?"

आता बाणाचा ण यांच्याकडे नाही, हा काय माझा दोष? मी उच्चार सुधारला, "काने नाही, का-णे!" त्यांचं पुन्हा तेच, "काने?" म्हटलं, कमी ऐकू येत असेल. मग छातीवर हात ठेवून, अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असं त्यांच्याच भाषेत ठणकावलं, "मी काणे! माझे यजमान काणे! सासरे काणे! पुण्यात चिक्कार काणे!"

बाई लालबुंद. मागे मुलांची खुसखुस.

"ऋचा, यांना झालंय तरी काय?"

"बोलू का मॅडम?"

"बोल की आता!"

"गात्ती म्हणजे मांजरं. त्यांचं खरंच आडनाव आहे ते. आणि काने म्हणजे कुत्रा. त्यांना वाटतंय, तुम्ही त्यांची टिंगल करताय."

पुढच्या वर्षीची भेट बोंबलली, शाळेची अब्रू गेली! "अगं, मग आता काय करू?"

"सासरचं राहू दे. माहेरचं सांगा ना पटकन!"

कपाळ माझं! पण वेळच तशी होती. मी पुटपुटले, "गाढवे."

मुलं अक्षरशः लोळायची बाकी राहिली. त्यांना काय झालं म्हणून बाईंनी विचारलं, तर काणे हे माझं खरंच आडनाव आहे हे आधी, आणि मग गाढवेचा अर्थ, असं सगळं ऋचानं अस्खलित इटालियनमध्ये समजावून सांगितलं. हिला परीक्षेत कधी चार वाक्यं सरळ आली नव्हती हो!

बाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. माझा हात हातात घेतला, पुढच्या वर्षी मुलं पाठवायचंही कबूल केलं, आणि मला एकदा नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, "हे आडनाव मात्र तुम्हाला शोभतं."