उडत्या अ‍ॅम्ब्युलन्ससाठी जागा आखताना

मंडळी, आज सकाळी मी धामणगाव रेल्वेजवळच्या एका दवाखान्यामागे होते. मी अकोल्याची, सिव्हिल इंजिनीअर. विजेवर चालणारी, जागेवरून सरळ वर उडणारी अ‍ॅम्ब्युलन्स पुढेमागे इथे यायची आहे. तिच्या तळासाठी जागा आखायची होती.

नकाशात जागा ठरलेलीच होती. चार्जिंगसाठी वीज जवळ, वर तारा नाहीत. मी चुन्याने खुणा करत होते, तेवढ्यात शेजारच्या भाजीच्या मळ्यातून कमलाबाई आल्या.

"इथं कावून खुणा करून राहिली बाई? काळी जमीन हाय हे. पावसात फुगते, उन्हायात पाय जाईन एवढ्या भेगा पडते."

मी उडत्या अ‍ॅम्ब्युलन्सचं सांगितलं आणि म्हटलं, "पाया खोल घेऊ, काकू."

त्यांनी ऐकलंच नाही. हाताला धरून मला आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथे खणलं, तर वीतभर खालीच पक्का मुरूम! तिथेही वर तारा नव्हत्या, आणि वीजही जवळच होती.

"तुम्हाला एवढी काळजी का?" मी विचारलं.

"माह्या मालकाले साप चावला होता. अमरावतीले नेता नेता रस्त्यातच गेले."

मी तिथूनच साहेबांना फोन केला. जागा बदलायला ते तयार झाले.

"मंग कवा येते ते?" कमलाबाईंनी विचारलं.

"वर्षं लागतील, काकू." मी खरं तेच सांगितलं.

"लागू दे. कोनाच्या तरी मालकाच्या कामी येईन."

तुमच्या गावात असा तळ करायचा झाला, तर जमिनीबद्दल कुणाला विचारावं? नावं सांगा, मी खरंच जाऊन भेटेन.