खिशातलं मंगळसूत्र

"हात गार आहेत तुमचे," ती म्हणाली.

"मग हातमोजे घालून काढू का?"

"काढा हो लवकर. गाडी येईल."

ती माझ्याकडे पाठ करून उभी होती, केस दोन्ही हातांनी वर धरून. स्वयंपाकघरातला हीटर नुकता लावला होता, खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. मंगळसूत्राचा आकडा जुना झालेला, नखानं ओढल्याशिवाय निघायचा नाही. निघाला. मी मंगळसूत्र मुठीत घेतलं, शर्टाच्या वरच्या खिशात सोडलं आणि खिशाचं बटण लावलं. बटण लावलं का ते ती वळून बघायचीच. बघितलं. मग पिशवी उचलली आणि दारातून म्हणाली, "गवार आणलीय. शिफ्टवरून आलात की मोडून ठेवा. शिरा नीट काढा, मागच्या वेळी नुसते दोरे चावत बसलो."

"बरं," मी म्हटलं.

एवढंच. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

वाचणाऱ्याला वाटेल हा काय प्रकार, नवरा सकाळी उठून बायकोचं मंगळसूत्र काढतो. म्हणून सांगतो. माझी बायको टेलिव्हिजनवर काम करायची, आणि तिला काम मिळायचं ते बहुतेक विधवेचं.

आम्ही इंग्लंडात स्लाऊला आलो ते साठ सालानंतर लगेचच. मी मुंबईच्या गोदीतला माणूस, चौथी शिकलेला. इथं रबराच्या कारखान्यात लागलो. ती माझ्याहून शिकलेली, सातवीपर्यंत. लग्नाआधी गिरणगावात गणपतीतल्या नाटकांत तिनं कामं केली होती. लग्नात तिच्या बापानं मला बाजूला घेऊन सांगितलं, आता हे बंद. मी हो म्हटलं. इकडे आल्यावर त्याला कुठं दिसणार होतं?

रविवारी सकाळी इथल्या एका थेटरात हिंदी पिक्चर लागायचा. एकदा बाहेर एक गोरा उभा राहून आपल्या लोकांची तोंडं बघत होता. त्याला टेलिव्हिजनसाठी गर्दीत उभ्या करायला भारतीय बाया पाहिजे होत्या. बाकीच्या पदर तोंडाला लावून सटकल्या. ही पुढं झाली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "बोलायचं आहे का काही?" तो म्हणाला, नाही. ही म्हणाली, "मग या वेळी नुसती उभी राहते. पुढच्या वेळी बोलायला द्या."

तशी होती ती. आणि पुढच्या वेळी खरंच दिलं बोलायला. नवरा बसखाली सापडून गेलेली बाई होती. पोलिसाशी दोन वाक्यं.

तिथं मेकअपवाली तिच्या गळ्यातलं काढायला गेली तर हिनं तिचा हात धरला. मंगळसूत्र पोलक्यात आत खोचलं. कॅमेऱ्यात काळे मणी दिसले. पुन्हा खोचलं, पुन्हा दिसले. साहेब वैतागला. काम कसंबसं झालं, पण घरी आल्यावर ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पुढच्या वेळी तुम्ही काढा."

"मी?"

"तुम्हीच घातलंय ना? तुम्ही काढून जवळ ठेवलंत, तर ते काढलेलं नाही. ठेवायला दिलेलं आहे. संध्याकाळी परत द्यायचं."

"आणि घरी विसरलो तर?"

"घरी ठेवायचंच नाही. अंगावर ठेवायचं. माझ्या नाहीतर तुमच्या."

तो आमचा नियम झाला. कामाच्या दिवशी ती आंघोळीनंतर कुंकू लावायचीच नाही, म्हणजे पुसायला नको. मी मंगळसूत्र खिशात घेऊन दिवसभर रबर कापायचो. संध्याकाळी ती आली की कोटसुद्धा न काढता आधी माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी घालायचो. मग कुंकू, मग चहा.

चहा घेताना मी विचारायचो, "आज कशानं मेलो मी?"

"हार्ट."

"त्रास झाला का?"

"तुम्हाला काय त्रास? तुम्ही मघाशीच गेलेले होतात. रडायचं मला. तीनदा रडवलं मेल्यांनी, कॅमेऱ्यात काहीतरी बिघडलं म्हणून."

आमच्या मंडळात डॉक्टरांच्या घरच्या एक वहिनी होत्या, वयानं मोठ्या. हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "सवाष्ण बाईनं पांढरं नेसावं का गं? अपशकुन असतो तो."

ही म्हणाली, "वहिनी, अपशकुन असता तर हे केव्हाच गेले असते. ते बघा, तिकडे लाडूंवर कसे तुटून पडलेत."

वहिनींनाही हसू आलं. पण बाहेर दाखवायची तेवढी ती धीट नव्हती. दिवाबत्ती करताना हात जोडून काय मागायची ते मला माहीत होतं, कारण ती ते मोठ्यानं मागायची. माझ्या आधी मला ने, भरल्या कपाळानं ने. दुसरं काही मागताना मी तिला ऐकलं नाही.

धंदा सुरू झाला तो साडीवरून. एकदा शूटिंगला तिला नेसायला जे कापड दिलं ते बघून ती म्हणाली, ही साडी नाही, हा पडदा आहे. खरंच पडद्याचं कापड होतं. कपडेपटातली इंग्रज बाई भली होती. ती म्हणाली, मग तूच आण. हिनं आपली नेली आणि वापरायचं भाडं मागून घेतलं. पुढच्या वेळी चार बायकांना पाहिजे होत्या. मग समई पाहिजे, पाट पाहिजे, तांब्या पाहिजे. आमची पुढची खोली भरली. मला माझ्याच घरात आडवं होऊन चालावं लागायचं. मग तिनं मागच्या गल्लीतली एक शेड भाड्यानं घेतली, शेजारच्या दोन बायका इस्त्रीला ठेवल्या, दारावर पाटी लावली. नाटक कंपन्या पार नॉटिंगहॅमहून माणूस पाठवायच्या. साडी भाड्यानं दिली की नेसवायलाही हीच जायची, नाहीतर मेले निऱ्या मागे खोचतील म्हणायची.

शेडच्या वेळी बँकेत गेलो होतो. मॅनेजर सगळं माझ्याकडे बघून बोलत होता. मी म्हटलं, "साहेब, मी रबर कापतो. धंदा हिचा आहे. तिकडे तोंड करा." त्यानं केलं. पण सही माझीच मागितली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बघा, जिवंत नवरा असा उपयोगी पडतो."

विधवेच्या घरात भिंतीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो लागतो. कंपनीवाल्यांनी एकदा फेटेवाल्या कुणाचा तरी फोटो आणून लावला. ही म्हणाली, हा परका माणूस बघून मला रडू येत नाही. दुसऱ्या दिवशी माझा फोटो नेला. त्याचंही भाडं लावलं. मग मी इंग्लंडभर टेलिव्हिजनवर मेलेला दिसलो, गळ्यात हार घालून. सकाळी कारखान्यात फोरमन मला बघून ओरडला, "अरे, तू काल रात्री गेलास ना? मेलेल्या माणसाला इथं पगार मिळत नाही हां!" सगळी लाईन हसत होती. मीही हसलो. खिशाला हात लावून बघितलं, त्या दिवशी खिसा रिकामा होता.

एकदा मात्र ती गप्प गप्प होती. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "एकदा तरी जिवंत नवऱ्याची बायको करायची आहे हो मला."

"घरी करतेस की."

"घरी पगार नाही."

तसलं काम तिला कधी मिळालं नाही. आपल्या बाईला नवरा असतो आणि तो संध्याकाळी घरी येतो, ही गोष्ट त्यांना कधी लिहावीशी वाटली नाही.

तर त्या दिवशी. थंडीचे दिवस होते, सत्तरची दहा वर्षं संपत आली होती. दुपारी फोरमन माझ्या मशीनपाशी आला, तोच. मशीनचं बटण त्यानं स्वतः बंद केलं. म्हणाला, तुझ्या बायकोला शूटिंगवरून हॉस्पिटलमध्ये नेलंय, चल. स्वतःच्या मोटारीतून नेलं त्यानं मला.

मी पोचलो तर संपलेलं होतं. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. उभी होती, बोलत होती, बसते म्हणाली आणि बसली ती बसलीच.

सिस्टर मला एका खोलीत घेऊन गेली आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

"नवरा."

तिनं दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. साफसफाई करणारी पंजाबी बाई होती. कपडे बघून तिनंच सांगितलं होतं की ही विधवा आहे, घरच्यांत मुलगा नाहीतर भाऊ शोधा. ती बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "भाईजी, मुझे क्या पता!" तिची काय चूक? पांढरी साडी, कपाळ मोकळं, गळा मोकळा, हातात बांगडी नाही. मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं.

मी खिशाला हात लावला. बटण लावलेलं होतं.

सिस्टरला म्हटलं, मला एक मिनिट द्या, तिचं माझ्याकडे आहे ते द्यायचं आहे. तिला कळेना. म्हणाली, त्यांना खाली नेलंय, आज भेटता येणार नाही, दागिने उद्या आणलेत तरी चालतील. कसं सांगणार तिला मी इंग्रजीत? जन्मभर जे मागितलं ते मिळालं होतं बाईला. माझ्या आधी गेली. पण गेली ती विधवेच्या वेषात, आणि आता खाली बर्फासारख्या खोलीत तशीच पडून राहणार होती, आणि मी वर बाकावर जिवंत बसलेला. चहा दिला कुणीतरी. मी तो प्यालो. अजून त्याचा राग येतो मला.

वहिनींचे डॉक्टर त्याच हॉस्पिटलात कामाला होते. संध्याकाळी वहिनी घरी आल्या, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नवऱ्याला फोनवर सांगितलं, "ते काही मला माहीत नाही, सकाळी खालची खोली उघडली पाहिजे." आमची मुलगी ब्रिस्टलला नोकरीला होती, तीही आली. गवार टेबलावर तशीच होती.

सकाळी मुलगी शेडमध्ये रॅकपुढे उभी राहिली. "बाबा, आईचा स्वतःचा साडी कुठला?"

तिची आई असती तर आधी 'कुठली' म्हणायला लावलं असतं. मी शोधू लागलो. एवढ्या साड्या आणि प्रत्येकीला आतून नंबराची पट्टी शिवलेली. एकही साडी फक्त तिची अशी ठेवली नव्हती बाईनं. शेवटी आमच्या लग्नातला हिरवा शालू सापडला. त्यालाही पट्टी. तो नेसून किती पोरींची लग्नं लागली असतील कॅमेऱ्यापुढे. मी माझं दाढीचं ब्लेड आणून टाके एकेक करून उसवले आणि पट्टी काढून टाकली.

दहाच्या सुमाराला आम्ही गेलो. खालची खोली लहान होती, पडदे लावलेले. वहिनींनी आणि मुलीनं तिच्यावर शालू घातला, हिरव्या बांगड्या चढवल्या, ओटी भरली. वहिनींनी करंडा माझ्यापुढे धरला. मी कुंकू लावलं. जरा वाकडं लागलं. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, काळे मणी तेवढे घाला. सोन्याच्या वाट्या पोरीला राहू देत."

मुलगीच म्हणाली, "नको. सगळं आईचं."

तिथला माणूस दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, हे नंतर परत पाहिजे आहे का, तसं मी नोंदवून ठेवतो. मी म्हटलं नको. मला ते ठेवायला दिलं होतं, ते परत करतोय.

मुलीनं आईचं डोकं किंचित उचललं आणि केस बाजूला धरले. मी खिशाचं बटण काढलं. आकडा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. माझे हात गार पडले होते.