दोन कार्बोरेटरांची वाटणी

आमच्या वडूजकडं भावाभावांची वाटणी म्हणजे एक लढाईच. माझ्या आणि थोरल्याच्या वाटणीत पंचांनी विहिरीच्या पाण्याची पाळी लावली आणि बांधावरच्या लिंबाच्या फांद्यासुद्धा वाटल्या. पूर्वेच्या माझ्या, पश्चिमेच्या त्याच्या. कुठल्या चिमणीनं कुठं बसायचं तेवढं ठरवायचं राहिलं. एकच वस्तू वाटता आली नाही, ती आमच्या वडलांची, आबांची मोटारसायकल. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, जुनी टू-स्ट्रोक. आबा फौजेतून सुट्टीवर आले की तिच्या आवाजानं शेजारच्या गावातल्या कोंबड्या वेळेआधी अंडी घालायच्या. माझ्यावर विश्वास नसेल तर कोंबड्यांना विचारा.

पंच उठून जायचा अवकाश, मी पान्हा घेऊन डावीकडचा कार्बोरेटर खोलला आणि घरी नेला. उजवीकडचा थोरल्यानं नेला. आपल्याला चालवायला मिळत नाही ना, मग त्यालाही मिळू नये! गाडी गोठ्यात उभी राहिली, इंजिनाच्या दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबलेल्या, आणि आम्ही दोघं कैक वर्षं एकमेकांशी फक्त शिव्यांनी बोललो.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आबांनी दोघांना बोलावून ऑर्डर काढली.

"उद्या भंगारवाला येनार हाय. आज दिस बुडायच्या आत गाडी सुरू झाली तर ऱ्हाईल. न्हाईतर तो घेऊन जाईल. रोज तुमची थोबाडं आन ती मुकी गाडी बघवत न्हाई मला."

त्या गाडीच्या टाकीवर बसून मी पहिल्यांदा साताऱ्याची पेठ बघितली होती. ती तराजूवर चढणार, पत्र्याच्या भावानं जाणार! थोरल्याकडं बघितलं तर त्याचा चेहराही शेणासारखा झालेला.

दोघं आपापला कार्बोरेटर घेऊन आलो आणि अंगणात पाठीला पाठ लावून बसलो, कारण एकमेकांच्या हातात आपला माल द्यायचा प्रश्नच नव्हता. खालची वाटी उघडली तर आत जुन्या पेट्रोलचा थर, काकवीसारखा चिकट. पेट्रोल जायच्या जेटचं भोक इतकं बारीक की मुंगीलाही अंग चोरून जावं लागेल. वायरीतली तांब्याची एक तार काढून मी ते मोकळं केलं, फुंकलं, उन्हाकडं धरलं, पुन्हा फुंकलं. जिभेला पेट्रोलची अशी चव बसली की आठवडाभर भाकरीजवळ काडी ओढायची भीती वाटावी.

वाटीचं पॅकिंग हात लावताच पापडासारखं मोडलं. मी लग्नपत्रिकेचा जाड कागद वाटीच्या काठावर धरला, हातोडीनं हळूहळू ठोकून कडेचा ठसा घेतला आणि नवं पॅकिंग कापलं. मागं कातरीचा आवाज आला म्हणून वळलो. थोरला सायकलची ट्यूब कापत होता.

"दादा, ट्यूब पेट्रोलमदी फुगती. गळंल ती."

"तुजी बाजू तू बघ. माज्या हद्दीत बोलायचं न्हाई."

"आरं, गाडी येकच हाय की!"

"वाटनीच्या दिशी कुटं गेलं हुतं ह्ये शानपन?"

"तुजं तरी कुटं हुतं? रेड्या!"

पान्हा माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या रांजणाला भोक पडलं. मग मी उडी घेतली. त्याचा कान माझ्या दातांत, माझं नाक त्याच्या मुठीत, आणि अंगणातली धूळ अशी उठली की म्हशींना वाटलं संध्याकाळ झाली. त्यानं गुडघा मारला, मी त्याचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. माझा एक दात पेट्रोलच्या ताटलीत पडला. रक्त पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे ज्ञान मला तिथं मिळालं. बाजेवरून आबांनी काठी दोघांच्या मधे खुपसली.

"मुडदे पाडायचे तर दिस बुडल्यावर पाडा. आदी गाडी."

नाकं पुसत दोन्ही कार्बोरेटर चढवले. डावा मी, उजवा त्यानं, ट्यूबच्या पॅकिंगसकट. पेट्रोल सोडलं, थोरल्यानं किक मारली. चार-पाच किकांत गाडी अशी ओरडली की गोठ्याचा पत्रा थरथरला. आबा बाजेवरून ताडकन उठले.

तेवढ्यात उजवी बाजू गळायला लागली. तापल्या सिलिंडरवर धार पडली, भक्कन जाळ झाला आणि थोरल्याच्या पायजम्यानं पेट घेतला. मी त्याला कमरेत धरला, उचलला आणि उकिरड्यात आपटला. वर बसून शेण त्याच्या पायावर चोपायला लागलो. वहिनी स्वयंपाकघरातून आली, तिला दिसलं की धाकटा थोरल्याला जिवंत गाडतोय. तिनं लोखंडी फुंकणी माझ्या पाठीत घातली.

"आगं, त्याला नगं मारू!" खालून थोरला बोंबलला. "गाडी इजवा!"

आबांनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि म्हशीखालचं ओलं गोणपाट टाकून जाळ दाबला. उजवा कार्बोरेटर काळा पडला होता, ट्यूब वितळून ठिबकत होती. दिवस कलून ऊन गोठ्याच्या भिंतीवर चढलं होतं.

"सुरू झाली हुती की, आबा," मी म्हणालो.

"आता हाय का?"

थोरला शेणानं माखलेला, पोटरीवर फोड उठलेले. लंगडत गाडीपाशी गेला, उजवा कार्बोरेटर खोलला आणि माझ्यासमोर धरला. माझ्याकडं बघत मात्र नव्हता.

"कर तुला काय करायचं त्ये."

त्याच्या हद्दीतली वस्तू पहिल्यांदाच माझ्या हातात आली. मी वाटी घासली, जेट फुंकला, पत्रिकेतून दुसरं पॅकिंग ठोकून काढलं. तो डोक्यावर उभा राहून शिव्या देत होता. "हळू रं, रताळ्या! काठ वाकंल! बैल दामटतोयस काय?" पण तारेचा तुकडा मागायच्या आधी हातात देत होता.

ऊन पत्र्यावर टेकलं तेव्हा गाडी सुरू झाली. गळली नाही. आबांनी आम्हाला बाजूला ढकललं, टांग टाकली आणि कुणालाही मागं न घेता रस्त्याला लागले.

आवाज लांब जाईपर्यंत आम्ही दोघं बांधावर उभे होतो.

"माज्या उजव्या अंगाचा आवाज लय भारी हाय," थोरला म्हणाला.

"उजवा बी मीच साफ केलाय."

त्यानं माझ्या उरलेल्या दातांवर ठोसा मारला. मी त्याचा दुसरा कान धरला.