हरणाच्या जाळीला लाल रंग

प्राणिसंग्रहालयाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. नातवंडं हट्ट धरतात, सून म्हणते चला की बाबा, आणि मी गुडघे दुखण्याचं सोंग घेऊन घरी बसतो. म्हातारा खडूस आहे म्हणतात. म्हणू देत.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी नागपूरकडून येऊन रंगकामाच्या गँगमध्ये लागलो होतो. क्वार्टर मिळालं होतं, नोकरी मात्र कायम झाली नव्हती. एकदा राजहऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या एका ड्रायव्हरनं चितळाचं पाडस आणून आमच्या दारात ठेवलं. त्याची आई ट्रकखाली गेली होती. माझ्या बायकोनं दुधात चिंधी बुडवून त्याला चोखायला दिली आणि जगवलं. आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं. पाडस दिवसभर तिच्या मागे फिरायचं आणि दिसेल ते चाटायचं. तिचे हात, परात, दाराची कडी, काहीच सोडायचं नाही. "काय चाटत नाही ते इचारा," ती हसायची. लग्नानंतर तिला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग आमच्या सेक्टरच्या, म्हणजे कामगार वसाहतीच्या, बागेत जनावरं ठेवायची टूम निघाली. दोन मोर आले, ससे आले, एक माकड आलं. आमचा फोरमन, तोही नागपूरकडचाच, मला म्हणाला, "क्वार्टरमंदी हरीण ठेवता येत नाही बे. बागेत देऊन टाक. साहेब खूश होतील, तुयं कायम व्हायचंही जमून जाईन."

दिलं मी. बायको दोन दिवस जेवली नाही. मग म्हणाली, "रोज सांजच्याले त्याले चारायला मी जाईन. कोणी आडवलं तं पाहा." कोणी अडवलं नाही. ती रोज जायची, जाळीच्या गजांतून हात घालायची आणि ते तिचा हात चाटत उभं राहायचं.

पावसाळ्यात गज गंजले. त्यात खबर आली की दोन दिवसांनी बाहेरचे पाहुणे बाग पाहायला येणार. फोरमननं मला रेड लेडचा डबा दिला. रेड लेड म्हणजे शिशाचा लालभडक रंग. तेव्हा भिलाईत लोखंड दिसलं की आधी त्याला हाच रंग फासायचा. गर्डर असो, टाकी असो, पूल असो. त्यावर पक्क्या रंगाचा दुसरा हात मारायचा असतो, पण दोन दिवसांत तो कुठून होणार?

"साहेब, ते हरीण गज चाटते," मी म्हणालो.

"मंग? रंग मारल्यावर तुले गूळ भेटते न? त्यालेही चारा."

आम्हा रंगाऱ्यांना पाळी सुटताना गुळाचा खडा मिळायचा. गुळानं रंगाचं विष उतरतं, असं अख्खी गँग मानायची. मीही मानायचो. पण खरं सांगायचं तर जेवणाच्या डब्याला हात लावण्याआधी आम्ही रॉकेल आणि साबणानं कोपरापर्यंत हात घासायचो. म्हणजे मला कळत होतं. कळत असून मी ब्रश उचलला आणि एकेक गज वरपासून खालपर्यंत लाल केला.

संध्याकाळी बायको बागेतून परत आली. "अवो, ते रंग चाटून राहिलं. काई होत नाही न?"

"काई होत नाही. गूळ चारत जा त्याले," मी म्हणालो.

ती रोज पदरात गूळ बांधून नेऊ लागली.

पाहुणे आले. एका साहेबांनी भाषण ठोकलं. पूर्वी राजेरजवाडे आपला थाट दाखवायला जनावरं कोंडायचे, मग गोऱ्यांनी तिकीट लावून तमाशा केला, आता आपण मुलांना करमणुकीतून ज्ञान देणार! टाळ्या पडल्या. माझ्या अंगाची लाही होत होती. राजा निदान हौस म्हणून मोकळा व्हायचा, आमच्या साहेबांना हौसेलाही शाळेत घालायचं होतं. शाळेची मुलं वह्या घेऊन रांगेत उभी होती आणि समोर हरीण लाल गज चाटत होतं. एका पोरानं तेही लिहून घेतलं असेल.

आठवडाभरानं हरणानं चारा सोडला. दात करकर वाजवायचं, जागच्या जागी गोल फिरायचं, भिंतीला डोकं लावून उभं राहायचं. बायकोनं हाक मारली की तिच्याकडे वळायचं, पण तिला पाहायचं नाही. डोळे गेले होते त्याचे. तिसऱ्या दिवशी मेलं.

जनावरांचे डॉक्टर आले. काय चारत होता, विचारलं. फोरमननं माझ्या बायकोकडे बोट दाखवलं. "ह्या बाई रोज गूळ चारत होत्या." डॉक्टरनं कागदावर लिहिलं, पोट बिघडून मृत्यू. मी तिथंच उभा होतो. माझ्या नखांत अजून लाल रंग होता. तोंड उघडलं असतं तर फोरमन अडकला असता आणि माझी नोकरी गेली असती. मी मिठाची गुळणी धरून बसलो. थू माझ्या जिंदगानीवर.

दुसऱ्या दिवशी मला बागेसाठी पाटी रंगवायचं काम मिळालं. जानवरों को कुछ न खिलाएँ. मी ती सुबक अक्षरांत रंगवली आणि जाळीवर ठोकली. महिन्याभरात कायम झाल्याचा कागदही हातात आला.

रिकामी जाळी बघायला बायको एकदा माझ्याबरोबर आली. पाटीपुढे उभी राहून तिनं एकेक अक्षर लावत ती वाचली.

"माह्यासाठीच लावली न हे?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणालो नाही.