बारावी खूण

मास्तर शाळेतले नव्हेत. उभ्या आयुष्यात त्यांनी खडू हातात धरला नव्हता. ते चौदा सिटांची गाडी चालवायचे आणि स्टिअरिंगइतकंच तोंडही चालवायचे, म्हणून बाकीच्या ड्रायव्हरांनी हे नाव चिकटवलं. त्यांच्या बायकोला शेजारीपाजारी मास्तरीणबाई म्हणायचे. ती म्हणायची, "घरी आल्यावर मुके होतात हो, सगळं पेट्रोल तिकडेच संपतं."

सकाळी आठला निघायचं. टेकडीवरचा पहाऱ्याचा बुरूज, जुनं जकात नाकं, घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद आणि शेवटी नदीवरचा पूल. हौद ते पूल पाऊण तासाचा रस्ता, तोही जेवणानंतरचा. प्रवासी माना टाकायचे.

पुलाशी एक दगड उभा आहे. पूल नव्हता तेव्हा तिथून नाव जायची. एका पुरात ती उलटली. दगडावर बुडालेल्या माणसांच्या, छिन्नीने मारलेल्या अकरा खुणा ओळीत, आणि बारावी जरा बाजूला, वाकडी. सुरुवातीला मास्तर एवढंच सांगायचे. एका दुपारी कुणीतरी जांभई देत विचारलं, "ही बारावी कसली?" मास्तरांना ठाऊक नव्हतं. पण "माहीत नाही" हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर कधी आलेच नव्हते.

"बाटलीची! नावाडी टाकून होता ना."

सगळी गाडी हसली. झोप उडाली. मग दरवर्षी नावाडी थोडा जास्त पिऊ लागला. आधी घोटभर, मग अर्धी बाटली. अलीकडे तर तो वल्हं सोडून भर पुरात नाचायचाही.

दगडाला लागून चहाची टपरी. चालवणारी बाई मास्तरांहून चार-पाच वर्षांनी मोठी. ते तिला ताई म्हणत. जो ड्रायव्हर गाडी थांबवतो त्याला चहा फुकट, हा त्या रस्त्यावरचा रिवाज. मास्तरांना डॉक्टरांनी साखर बंद केली, त्या दिवसापासून त्यांचा कप वेगळा यायचा. सांगावं लागायचं नाही. लोक दगडाभोवती हसत असायचे आणि ताई मागे कप विसळत असायची.

एका वर्षी पर्यटन खात्याने चारही ठिकाणी पाट्या लावायचं ठरवलं. मजकूर मास्तरांना विचारून घ्यायचा होता. बायकोने शर्टाला कडक इस्त्री केली. खात्याचे साहेब वही उघडून दगडासमोर उभे राहिले, मास्तरांनी गोष्ट रंगवून सांगितली, नाचासकट. साहेबांना हसू आवरेना. "बाटलीची खूण! हे तर लिहायलाच हवं."

ताई चहा घेऊन आली होती. ट्रे हातात तसाच.

"साहेब, लिहिताय तर माझ्या आजीचंही लिहा. बारावी खूण तिने मारली."

"म्हणजे?"

"नावाडी माझे आजोबा. तीन खेपा करून माणसं आणली त्यांनी. चौथ्या खेपेला गेले ते गेलेच. गावाने अकराच खुणा केल्या, नावाड्याला कोण मोजतो. मग आजीने घरातली छिन्नी आणून स्वतः मारली. तिला कुठे येत होतं ते काम. म्हणून वाकडी." मग जरा थांबून म्हणाली, "थेंबालाही शिवले नव्हते हो ते."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. तेवढ्यात खरं बोलता आलं असतं. मास्तर हसले. म्हणाले, "घरच्या माणसाबद्दल कोण वाईट सांगेल, साहेब?"

ताईने ट्रे खाली ठेवला. मास्तरांचा बिनसाखरेचा कप त्यातच होता. त्यांनी तो प्यायला.

संध्याकाळी ताटावर बसले आणि भाकरी नुसती कुस्करत राहिले. बायकोने विचारून विचारून सगळं काढून घेतलं.

"इतकी वर्षं बोलली का नाही ती?"

"मी गाडी थांबवतो म्हणून," मास्तर म्हणाले. म्हटल्यावर त्यांनाच ते ऐकवेना.

"आणि तुम्ही तिच्याच हातचा चहा पीत होतात," बायको म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी बंद ठेवून ते खात्यात गेले. तोच शर्ट, चुरगळलेला. "साहेब, बाटलीची गोष्ट मी रचली. पाटीवर ताई सांगते ते लिहा."

"आणि बुरुजाचं? नाक्याचं?"

मास्तरांनी मान खाली घातली. "नाक्याचं बरंचसं खरं आहे."

साहेबांनी वही मिटली. पाट्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं. ताईकडे मात्र साहेब स्वतः जाऊन आले.

पुढच्या फेरीत मास्तर दगडासमोर उभे राहिले. खरी गोष्ट सांगितली. मग, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, "या माणसाला मी वर्षानुवर्षं दारुडा म्हणत आलो. सोळा-सतरा वर्षं. लोक हसायचे म्हणून." प्रवासी एकमेकांकडे पाहू लागले. एक बाई कॅमेरा पर्समध्ये ठेवून गाडीकडे गेली. टपरीत कप विसळल्याचा आवाज मध्येच थांबला.

ताईने प्रवाशांना चहा दिला. ट्रेमध्ये वेगळा कप नव्हता. मास्तर टपरीसमोर गेले आणि इतर गिऱ्हाइकांमागे उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा तिने पातेल्यावरून नजर वर केली.

"साखर किती?" तिने विचारलं.