चॅनल गेटवरचा तांब्या

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत भर दुपारी एखादं दार सताड उघडं दिसलं, तर ते वच्छला सिस्टरचं समजावं. बाकीची घरं उन्हाळ्यात दारं लावून कूलरसमोर आडवी होतात. या बाईंच्या दाराला मात्र कडी लागत नसे. एकदा मांजरीनं त्यांच्या कपाटात बाळंतपण उरकलं. एकदा कोणीतरी आत शिरून कुकर उचलून नेला. गल्ली हळहळायला जमली, तर बाई म्हणाल्या, "शिट्टी पण नेली ना? मग जाऊ द्या. बिनशिट्टीचा नेला असता तर बिचाऱ्याची डाळ कशी शिजली असती?"

असं बोलणारी ही बाई. पण भंगारवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी पत्र्यावर टणटण केलं, की चेहरा पांढराफटक. हातातलं टाकून दारापर्यंत धावायच्या आणि म्हणायच्या, "आले, आले! थांबा, उघडते!"

शेजारच्या शकीलाभाभी आपल्या ओट्यावरून विचारायच्या, "बाजी, दार तो खुल्लाच है. किसकू खोलरे?"

वच्छलाबाई एकदम जाग आल्यासारख्या बघायच्या. "कोणाला नाय. तुमची भाजी करपायली, तिकडं बघा."

आणखी एक गंमत. त्यांच्या खिडकीत तांब्याचा एक तांब्या असायचा. घासून लख्ख. रोज सकाळी भरायचा, रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या बुडाशी ओतायचा. त्यातलं पाणी कोणी प्यायचं नाही. गल्लीतल्या बायकांनी यावर काय काय तर्क लढवले! कोणी म्हणालं नवस आहे, कोणी म्हणालं बीपीचा इलाज. खरं काय ते बाईंच्या दवाखान्यात वॉर्डातल्या मावशी असलेल्या मनकर्णाबाईंकडून शकीलाभाभींना कळलं, आणि शकीलाभाभींना कळलं म्हणजे पुढं काय झालं ते सांगायला नको.

नोकरीत होत्या तेव्हा वच्छलाबाई म्हणजे सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या सर्जिकल वॉर्डाचा दरारा. दरारा ठेवावाच लागायचा. एका खाटेवर पेशंट आणि खाटेभोवती आख्खं गाव. खाटेखाली भाकरीचं गठुडं, ठेच्याची बरणी, आणि कोणाचं तरी झोपलेलं लेकरू. एक म्हणणार, "शिस्टर, ही पांढरी सलाईन काय कामाची? ती पिवळी लावा, तिच्यात ताकद राहती." दुसरी ताज्या बँडेजवर अंगारा फासून मोकळी. तिसरा दम देणार, "आमचे आप्पासाहेब झेडपीत हायेत. एक फोन केला का बदली!" वच्छलाबाई सुई न हलू देता म्हणायच्या, "करा ना. गुलमंडीच्या बाजाराकडं मागा म्हणावं, लुगडं घ्यायला जवळ पडंल."

तोंड दुखायला लागलं की शेवटचं हत्यार चॅनल गेट. भेटायची वेळ संपली की बाई ते लोखंडी दार खर्रर्र ओढायच्या आणि कुलूप घालायच्या. त्या आवाजाला आप्पासाहेबांचे लोकही चपला शोधायचे.

शेंद्र्याला कारखाने यायच्या आधीची ही गोष्ट. तिथल्या सारजाबाई पोटाच्या ऑपरेशनला दाखल झाल्या. म्हातारीचा आवाज खणखणीत आणि मागण्यांना अंत नाही. "ये पोरी, उशी वर कर." उशी वर. "आता खाली कर." उशी खाली. "त्यो पंखा बंद कर, चिमणी मरंल." पंखा बंद, की बाकीच्या खाटा ओरडायच्या. ऑपरेशननंतर तोंडानं काही द्यायचं नव्हतं, तेव्हा तिनं एकच धोशा लावला. पाणी. आणि तेही नळाचं नको. "त्याला दवाखान्याचा वास मारतो. पुंज्याला म्हणावं, आपल्या मळ्यातल्या हिरीचं आण."

तिचा पोरगा पुंजाराम आईच्या वरताण. बाईंच्या मागं मागं औषधाच्या खोलीपर्यंत यायचा. "आता देऊ का पाणी? आता? मग कव्हा?" त्या दिवशी सकाळी तर भर वॉर्डात म्हणाला, "सरकार पगार देतंय तो कशाचा? माझ्या मायला तहानेनं मारायचा का?"

आणि वॉर्डात कोणीतरी हसलं. शिव्या वच्छलाबाईंना सवयीच्या होत्या. ते हसणं मात्र लागलं.

थोड्या वेळानं डॉक्टर राउंडला आले. पोट चाचपून म्हणाले, "आता घोटघोट पाणी द्यायला हरकत नाही." वच्छलाबाईंनी ग्लास नेला, तर म्हातारीनं ओठ मिटून घेतले. "पुंज्या गेलाय आणायला."

पुंजाराम दुपारी परत आला. घामानं निथळत, हातात तांब्या, तांब्याच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. चॅनल गेटला कुलूप होतं.

"बाई, आणलं पाणी. दोन घोट पाजतो अन् जातो."

"पाच वाजता," वच्छलाबाई टेबलावर गॉजच्या घड्या घालत म्हणाल्या.

"खाली कळलं मला, डॉक्टरनं व्हय म्हणलंय म्हणं!"

"पाच वाजता. सगळ्यांना एकच टाइम."

त्यानं तांब्या गजांवर आपटला. टण्. टण्. बाईंनी मान वर केली नाही. आतून सारजाबाईंनी तो आवाज ओळखला. "आला का पुंज्या?" आणि मग, त्या वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदाच, मऊ आवाजात म्हणाल्या, "उघड ना पोरी."

"टाइम झाला की उघडते, आजी."

टणटण बराच वेळ चालली. मग थकली. मग थांबली. बाईंना बरं वाटलं. घड्या संपवून त्या थर्मामीटर घेऊन खाटेशी गेल्या. म्हातारीचं तोंड गेटकडं वळलेलं होतं, ओठ किंचित उघडे.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. पाण्याचा काही संबंध नाही. नव्हताच, हे वच्छलाबाईंनाही पक्कं ठाऊक होतं. पण टणटण थांबल्यावर आपल्याला बरं वाटलं होतं, हेही ठाऊक होतं.

पुंजारामनं आरडाओरडा केला असता तर बाईंनी तो पचवला असता. पण आईला न्यायला माणसं आली, तेव्हा त्यानं तांब्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, "बाई, तुमचा टायम झाला का पाजा तिला."

मनकर्णाबाईंनी तांब्याला हात लावायला साफ नकार दिला. "मी नाय. ज्याला सांगितलं त्यानं पाजावं." शेवटी वच्छलाबाईंनी तो घरी आणला. दुसऱ्या दुपारी गेटवर टणटण झाली. बघतात तो जिन्यापर्यंत कोणी नाही. मग घरीही व्हायला लागली. दार लावलं की वाजायची, उघडं ठेवलं की थांबायची. म्हणून दार उघडं. साधा हिशेब.

रिटायर झाल्यावर एकदा बाई तांब्या पिशवीत घालून शेंद्र्याला गेल्या. ज्याचं त्याला देऊन टाकावं, हात जोडावेत, मोकळं व्हावं. तर मळ्याच्या जागी भिंत, आणि भिंतीला भलंमोठं फाटक. विहीर कधीच बुजलेली, पुंजाराम जमीन देऊन कुठं गेला ते कोणाला सांगता येईना. निदान त्या जागेवर पाणी ओतावं म्हणून बाई फाटकाशी गेल्या, तर वॉचमन आडवा आला.

"पास?"

"अरे बाबा, दोन मिनिटांचं काम आहे."

"आत्ता नाय, मावशी. व्हिजिटरचा टाइम ठरलेला आहे."

बाई तिथंच उभ्या राहून हसल्या. वॉचमननं ओळखलं असणार, की म्हातारी काही ठीक नाही. परत आल्यावर दिवसभर त्या जेवल्या नाहीत.

मग यंदा त्यांचंच पोट दुखायला लागलं. पित्ताशयात खडे, ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात जुन्या ओळखी, स्पेशल खोली मिळत होती. यांनी हट्टानं आपलाच जुना वॉर्ड मागितला. आणि पेशंट म्हणून अशा निघाल्या की काय सांगावं! सलाईनचे थेंब स्वतः बघायच्या. "खरात, हे बँडेज तू बांधलंस? खाटेला बांधलं असतं तर खाट कण्हली असती." वॉर्डाची तरुण खरात सिस्टर बिचारी ओठ चावून ऐकायची. त्यात आमची गल्ली. पाळीपाळीनं सगळे हजर. शकीलाभाभींनी यखनीचा, म्हणजे मटणाच्या सुपाचा डबा आणला, निजामुद्दीनभाईंनी विचारलं, "वो पिली सलाईन नै लगाते क्या?" खरात सिस्टरचा बांध फुटला.

"तुमच्या गल्लीत घरी कोणी राहतं का? चला, सगळे बाहेर!" आणि खर्रर्र. कुलूप.

पेशंटजवळचं एक माणूस म्हणून शकीलाभाभी तेवढ्या आत राहिल्या. बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी तो तांब्या भरून आणलेला. खरात सिस्टरनं डोळे वटारले. "यांना तोंडानं काही द्यायचं नाही हं!"

"मला नकोच आहे," वच्छलाबाई म्हणाल्या. पण ओठ कोरडे पडलेले दिसत होते.

दुपार कलंडली. वॉर्ड पेंगला. आणि वच्छलाबाईंची मान गेटकडं वळली.

"खरात, गेट उघड."

"कोणी नाहीये."

"वाजवायलाय. किती वेळचा वाजवायलाय."

"पाच वाजता उघडते."

वच्छलाबाई म्हणाल्या, "उघड ना पोरी." आणि आपल्याच तोंडून आलेला तो मऊ आवाज ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी चादर घट्ट धरली.

कटकट मिटावी म्हणून खरात सिस्टरनं गेट ओढलं. बाहेर रिकामा पॅसेज आणि फरशीवर ऊन. "झालं समाधान?"

वच्छलाबाई मात्र गेटपासून शेजारच्या मोकळ्या खाटेपर्यंत नजर आणत गेल्या, जणू कोणी चालत येत होतं. "शकीला, पाज."

"किसकू, बाजी?"

"सारजा आजींना. त्या खाटेवर."

बिस्मिल्ला म्हणून शकीलाभाभींनी दोन घोट उशाशी ओतले. खरात सिस्टर किंचाळत धावली, "गादी! माझी गादी भिजवली!" तिनं हात फिरवला आणि हात तसाच राहिला. रेक्झिनची गादी, पाणी ओघळून खाली यायला हवं. गादी कोरडी. फरशी कोरडी. शकीलाभाभींना मीठ-मसाल्याची सवय आहे हे कबूल, पण एवढं त्या आजही आवाज खाली आणून सांगतात.

वच्छलाबाई घरी आल्या आणि गल्लीनं त्यांच्या दाराची कडी लागलेली ऐकली. लोक ओट्यावर येऊन बघायला लागले. शकीलाभाभींना काळजी पडली, जिवंत आहेत ना? होत्या. घोरत होत्या.

घाईत तांब्या मात्र वॉर्डातच राहिला. मग एका दुपारी त्या बंद दारावर टणटण झाली. या वेळी ती आख्ख्या गल्लीला ऐकू आली. आत काही हालचाल नाही. पुन्हा टण्. शकीलाभाभींनी ओट्यावर श्वास रोखला. बऱ्याच वेळानं कडी सरकली.

दारात खरात सिस्टर, हातात तांब्या.

"तुमचा राहिला होता."

"राहू द्यायचा."

"नको. दुपारी गेट लावलं की वाजतो. मावशी म्हणतात, वाऱ्यानं."

"वारा असतो का?"

"नाही."

वच्छलाबाईंनी पोरीचा चेहरा नीट पाहिला. हा चेहरा त्यांनी आरशात पुष्कळ पाहिलेला होता. "आज कोणाला परत पाठवलंस?"

"किती जणांचं ऐकायचं हो?" पोरीचा आवाज फुटला. "एक म्हातारा सकाळपासून डोकं खात होता. बायकोला भेटायचंय, म्हणे तिनं पेज मागितली. डॉक्टर हो म्हणाले होते... मीच म्हटलं, पाचला या. मला माझ्या मुलावरून शिव्याशाप दिले त्यानं! सगळ्यांसमोर!"

"अन् आता तो कुठंय?"

"बसलाय. गेटपाशी. डबा घेऊन. आणि किल्ली माझ्याकडं."

वच्छलाबाईंनी तांब्या घेतला, माठातून भरला आणि तिच्या हातात दिला. "पी आधी." पोर घटाघटा प्याली. इतक्या वर्षांत त्या तांब्यातून कोणाच्या घशाखाली पाणी उतरल्याचा तो पहिला आवाज.

तोवर बाईंनी पायात चपला सरकवल्या होत्या, टाके सांभाळत. "चल. रिक्षा बघ. पाचच्या आत पोचायचंय."

दोघी वळणाआड गेल्या. दार उघडंच राहिलं. शकीलाभाभी ओढून घ्यायला उठल्या, कडीला हातही घातला. मग थांबल्या. कान देऊन ऐकलं. आणि दार तसंच ठेवून आपल्या ओट्यावर येऊन बसल्या.